बॅटलींची मोजपट्टी

मुंबई सेंट्रल स्थानक, आझाद मैदानाच्या कडेचा बॉम्बे जिमखाना, कुलाब्याची खुसरो बाग, मलबार हिलवरचा जिनांचा बंगला आणि ब्रीच कँडीचं लिंकन हाउस. या पाचही वास्तू एकाच इंग्रजाच्या, निदान त्याच्या कचेरीच्या, ड्रॉइंग बोर्डावरून उतरल्या. त्यांचं नाव क्लॉड बॅटली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वीस वर्षं ते विद्यार्थ्यांना एकाच गोष्टीकडे वळवत राहिले: या देशातल्या जुन्या इमारती आधी नीट मोजा, त्या तशा का बांधल्या ते समजून घ्या, मग नवी काढायला बसा. गंमत अशी की या पाच वास्तूंत ही शिकवण शोधायला गेलं, तर हाती फार थोडं लागतं.

बॅटलींना ढोंगी म्हणून मोकळं होता येईल. पण मग त्यांच्या हातून जे सगळ्यांत मोठं काम झालं, ते नजरेतून सुटेल. ते काम दगडा-सिमेंटचं नव्हतं.

बॅटलींचा जन्म १८७९ सालचा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या इप्सविच गावातला. सफोक परगण्यातलं हे जुनं बंदर. लाकडी सांगाड्याची, गिलाव्यावर उठावाची नक्षी काढलेली काही घरं तिथे आजही उभी आहेत. त्या काळी इंग्लंडात आर्किटेक्ट व्हायचं तर बहुतेकांना एखाद्या जाणत्या आर्किटेक्टच्या कचेरीत उमेदवारी करावी लागे. कागद ताणून लावणं, शाई घोटणं, साहेबाच्या नकाशांच्या नकला काढणं, आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या चर्चची मापं घेणं. ही मापं घेण्याची सवय त्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली होती. १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी चर्च खरवडून नवी करण्याच्या सपाट्यावर तिचा रोख होता. जुन्याला हात लावण्यापूर्वी ते समजून घ्या, हा त्या काळच्या इंग्लंडातला एक ठाम विचार होता. केटरिंग आणि लंडनमध्ये काम करून बॅटली १९१३ साली मुंबईत आले, ते हा विचार घेऊनच.

मुंबईत तेव्हा वेगळीच हवा होती. १८८८ च्या सुमारास पुरं झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस आणि त्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारती आता जुन्या वाटू लागल्या होत्या. जॉन बेग आणि जॉर्ज विटेट या दोन स्कॉटिश आर्किटेक्टांनी मोहरा हिंदुस्थानी शैलीकडे वळवला होता. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट विटेटनी वस्तुसंग्रहालयावर चढवला. सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या कमानी त्यांनी गेटवे ऑफ इंडियाला दिल्या. गेटवेचं उद्घाटन १९२४ चं. दिसायला हे सगळं देखणं होतं यात वाद नाही. पण आतली इमारत विलायती सोयीची आणि तिच्या अंगावर हिंदुस्थानी दागिने, असा हा मामला होता.

बॅटलींची वाट इथे वेगळी झाली. गुजरातच्या मशिदीतली जाळी सुंदर आहे म्हणून उचलायची, हा हेतू त्यांना पुरेसा वाटत नव्हता. जाळी उन्हाचा मारा मोडते, वारा आत सोडते आणि घरातली माणसं बाहेरून दिसू देत नाही. ही तीन कामं एका दगडी पाटीवर झाली म्हणून ती टिकली. छज्जा भिंतीला पावसापासून राखतो, चौक घराला श्वास देतो, ओसरी ऊन आणि माणूस यांच्यात अंतर ठेवते. नक्षी मागाहून येते. परंपरा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सापडत गेलेल्या उत्तरांचा साठा, अशी ही समजूत. इंग्लंडात हीच समजूत घेऊन सफोकची लाकडी घरं मोजणाऱ्या माणसाला अहमदाबादेत किंवा विजापुरात फारसं परकं वाटलं नसणार.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथे वास्तुकलेचे वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, तेही सरकारी कचेऱ्यांना ड्राफ्ट्समन हवे होते म्हणून. हिंदी मुलांनी नकाशे काढावेत आणि रचना साहेबाने करावी, ही त्यामागची वाटणी. पण मुलं तिथे थांबायला तयार नव्हती. १२ मे १९१७ रोजी वास्तुकला शाखेच्या माजी विद्यार्थ्यांनी विटेट यांच्या अध्यक्षतेखाली आपली संघटना काढली. तीच पुढे बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. आज देशभरातल्या आर्किटेक्टांची ही सर्वांत जुनी संस्था आहे. बॅटलींनीही तिचं अध्यक्षपद भूषवलं.

१९२३ ते १९४३ या काळात बॅटली जे. जे. त वास्तुकलेचे प्राध्यापक होते. त्यांच्या अभ्यासक्रमात जुन्या इमारतींच्या मोजणीला मोठं स्थान होतं. विद्यार्थ्यांनी दौऱ्यावर जायचं, देऊळ, मशीद किंवा हवेली गाठायची, आणि ती कागदावर उतरवायची. फोटो काढून हे होत नाही. दोघांनी टेप धरायचा, तिसऱ्याने वहीत आकडे लिहायचे. खोलीच्या चारही बाजू मोजून झाल्या तरी दोन्ही कर्ण मोजावे लागतात, कारण जुन्या खोलीचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. खांबाची उंची, त्याच्या घेराचा प्रत्येक बदल, ब्रॅकेट किती बाहेर आलं आहे, छज्ज्याचा उतार किती, हे ओळंबा सोडून ठरवायचं. मग कचेरीत बसून तळमजल्याचा नकाशा, दर्शनी बाजू आणि छेद काढायचे. छेद म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र. तो काढताना चूक लपत नाही. जिना कुठे निघतो, गच्चीचं पाणी कुठून जातं, भिंत वर जाताना किती बारीक होते, हे न कळता छेद पुरा होऊच शकत नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी? ज्याने एकदा जुन्या वाड्याच्या पायरीची उंची स्वतः मोजली, त्याला आपल्या घराच्या पायरीची उंची ठरवताना पुस्तक उघडावं लागत नाही. हात मोजतो तेव्हा डोकं विचारतं की हे एवढंच का. त्या प्रश्नातून शिक्षण सुरू होतं. शिवाय ही मुलं इंग्रजी पुस्तकांतून ग्रीक खांबांची प्रमाणं पाठ करणाऱ्या पिढीतली होती. आपल्या गावच्या देवळालाही प्रमाणं असतात, ती मोजता येतात, हे त्यांना कळणं हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. आणि ती सांगणारा इंग्रज असावा, यात थोडा कडवटपणा आहेच.

या मोजण्यांतून १९३४ साली ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हा ग्रंथ निघाला. मजकूर थोडा, चित्रांची पानं भरपूर. खांब, जाळ्या, कमानी, ब्रॅकेटं, सगळं मापानिशी. हिंदुस्थानी वास्तुकलेवर त्याआधी जेम्स फर्ग्युसनसारख्यांनी जाडजूड इतिहास लिहिले होते. पण घर बांधायला बसलेल्या माणसाला उपयोगी पडेल असं, मापांसकट हाताशी ठेवण्याजोगं साधन थोडंच होतं. पुढच्या काळात या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्या उगाच नाहीत.

आता त्यांच्या कचेरीकडे वळू. ग्रेगसन, बॅटली अँड किंग ही मुंबईतली बडी फर्म. तिच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे कंपनी, क्लब, संस्थानिक, गिरणीमालक, बॅरिस्टर. बॅटली शिक्षक म्हणून जे बोलत ते या गिऱ्हाइकांपैकी कितीजणांना ऐकायचं होतं, हा प्रश्नच आहे.

मुंबई सेंट्रलचंच उदाहरण घ्या. बॅकबेचा भराव आणि शहराचा दक्षिणेकडचा विस्तार यांमुळे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला कुलाब्याचं स्थानक बंद करायचं होतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवं स्थानक हवं होतं. शापूरजी पालनजी यांनी ते २१ महिन्यांत उभं केलं. खर्च सुमारे १ कोटी ५६ लाख रुपये. १८ डिसेंबर १९३० रोजी गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झालं. व्हिक्टोरिया टर्मिनससमोर माणूस मान वर करून उभा राहतो. मुंबई सेंट्रलमध्ये तो सरळ तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागतो. स्थानकाची ही साधी, सरळ, कामाशी काम ठेवणारी रचना बॅटलींच्या कौशल्याची साक्ष आहे. पण तिच्यात हिंदुस्थानी परंपरेचं असं फारसं काही नाही. काँक्रीट, घड्याळ आणि वेळापत्रक यांनी त्या इमारतीला आकार दिला.

जिनांच्या बंगल्यात तर शिकवण आणि धंदा यांची ताटातूटच दिसते. लंडनहून परतल्यावर महंमद अली जिना यांनी माउंट प्लेझंट रोडवरचा आपला जुना बंगला पाडला आणि नवा बांधायला घेतला. १९३६ साली तो उभा राहिला. खर्च दोन लाख रुपये, त्या काळी डोळे विस्फारणारी रक्कम. संगमरवर इटलीचा, त्यासाठी गवंडीही इटलीहून आलेले, भिंतींना अक्रोडाच्या लाकडाचं आच्छादन. जिना स्वतः कामावर बारीक नजर ठेवून असत. भारतीय घरबांधणीची तरफदारी करणारा प्राध्यापक आणि युरोपीय थाटाचा बंगला मागणारा बॅरिस्टर यांच्यात काय बोलणं झालं असेल, याची कल्पनाच करावी. बिल कोण देणार हे दोघांनाही ठाऊक होतं. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जवळच्या बिर्ला हाउसमधून या बंगल्यावर येत, आणि पाकिस्तानच्या मागणीवरची ती निष्फळ बोलणी इथेच झाली. फाळणीनंतर तिथे ब्रिटिश उप-उच्चायुक्तांचं वास्तव्य होतं. मालकीवरून जिनांच्या कन्या दीना वाडिया कोर्टात गेल्या. एवढ्या भानगडींत तो बंगला कोणी काढला हे नाव मागेच पडलं.

लिंकन हाउसची कथाही अशीच. १९३३ साली वांकानेरच्या महाराजांसाठी बांधलेलं हे समुद्राकाठचं घर १९५७ साली अमेरिकी सरकारने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं, आणि तिथे अमेरिकेची वकिलात बसली. अमेरिकी व्हिसाच्या रांगेत भुलाभाई देसाई रोडवर उभं राहिलेल्या कैक मराठी कुटुंबांनी बॅटलींचं हे काम बाहेरून पाहिलेलं आहे. २०११ साली वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. २०१५ साली पुण्याचे उद्योगपती सायरस पूनावाला यांनी ७५० कोटींना ही वास्तू घ्यायचं ठरवलं, पण व्यवहार सरकारी परवानग्यांत अडकला.

मग त्यांची शिकवण दिसते तरी कुठे? थोडी जिमखान्याच्या उतरत्या छपरांत आणि खोल व्हरांड्यात. मुंबईच्या पावसात आणि मेमधल्या उन्हात हा व्हरांडा काय काम करतो, ते तिथे अर्धा तास बसल्यावर कळतं. (त्या काळी हिंदी माणसाला सभासद म्हणून तिथे बसता येत नसे. १९३३ च्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना त्याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या, तेव्हाही हीच परिस्थिती होती.) आणखी थोडी दिसते १९३४ च्या खुसरो बागेत. वाडिया कुटुंबाच्या धर्मादाय निधीतून पारशी कुटुंबांसाठी बांधलेल्या या वसाहतीत इमारती ठेंगण्या, आणि त्यांच्यामध्ये मुलांना खेळायला मोकळी जागा आहे. बाहेर कुलाबा कॉजवेचा गोंधळ आणि आत शांतता. वाड्याच्या चौकाचंच हे मोठ्या प्रमाणावरचं रूप म्हणता येईल. पाचांत उजवी कोणती म्हणाल, तर खुसरो बाग.

१९३० च्या दशकात मुंबईत दुसरं वारं सुटलं. भरावाच्या जमिनीवर, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर एकामागून एक काँक्रीटच्या इमारती उभ्या राहू लागल्या. गोलसर कोपरे, आडव्या पट्ट्या, जहाजासारखे कठडे. हीच आर्ट डेको. १९३७ च्या नोव्हेंबरात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मध्यमवर्गाला वीज, नळ आणि संडास घरातच असलेला फ्लॅट हे स्वप्न पडू लागलं होतं. बॅटली या नव्या शैलीबद्दल साशंक होते, आणि संस्थेच्या नियतकालिकात १९३५ साली त्यांनी तिच्यावर लिहिलं. त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. काँक्रीटची पातळ भिंत उन्हात तापते आणि रात्री ती उष्णता घरात सोडते. आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर भुवईसारखी एक बारीक पट्टी असते. दिसायला ऐटदार, पण तिरक्या पावसात ती जुन्या छज्ज्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पण काळ त्यांच्या बाजूने नव्हता. आणि या इमारती काढणारी पोरं कुठून आली होती? त्यांतले बरेचजण जे. जे. तूनच. २०१८ साली युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. ज्या शैलीवर बॅटलींनी नाक मुरडलं तीच आता वारसा झाली. नव्वद वर्षं उभी राहिली की कुठलीही नवी गोष्ट परंपरेत जमा होते, हे बहुधा बॅटलींनी हसून मान्य केलं असतं.

त्यांचे विद्यार्थी त्यांच्याहून फार वेगळ्या वाटांनी गेले. अच्युत कानविंदे हे कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६ चा. १९३५ साली ते जे. जे. त आले आणि बॅटलींच्या हाताखाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे आधुनिक वास्तुकला शिकून आले, आणि स्वतंत्र भारतातल्या आधुनिकतेचे अग्रणी ठरले. कानपूरचं आयआयटी त्यांचं. पुण्याच्या बालेवाडीतली नॅशनल इन्शुरन्स अकादमीही त्यांचीच. परंपरावाद्याच्या वर्गातून आधुनिकतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता निघावा, हे वरवर उलटं वाटतं. पण हवा, ऊन, पाणी यांच्यापासून इमारतीचा विचार सुरू करायचा, ही सवय दोन्हीकडे एकच आहे. पेरिन जमशेटजी मिस्त्री यांनी १९३६ साली पदविका मिळवली, त्याही याच काळातल्या. भारतातली पहिली शिक्षित स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

अहमदाबादेत मात्र बॅटलींना एक मनाजोगतं गिऱ्हाईक मिळालं. गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांचं शाहीबागमधलं घर त्यांनी तीसच्या दशकात केलं, आणि आता ते संग्रहालयाचा भाग आहे. पुढे त्याच शहरात ल कॉर्बुझिए यांनी १९५४ साली मिल ओनर्सची इमारत बांधली. तिच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या तिरक्या पट्ट्यांची मोठी चौकट आहे, ऊन अडवायला. जाळीचं काम काँक्रीटने करायचं ते हे असं. बॅटली तोवर म्हातारे झाले होते. निवृत्तीनंतर आणि स्वातंत्र्यानंतरही ते मुंबईतच राहिले. १९४९ साली त्यांनी मुंबईच्या घरांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. शहरात तेव्हा बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत अख्खी कुटुंबं राहत होती. मलबार हिलचे बंगले काढलेल्या माणसाने सामान्यांच्या घराकडे वळावं, ही त्यांच्या कारकिर्दीतली मला भावलेली वळणवाट. १९५६ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं.

इंग्लंडात बॅटलींसारख्या विचाराचा धागा नंतरही तुटला नाही, पण तो बराच वादग्रस्त झाला. इप्सविचपासून फार दूर नसलेल्या डेडम गावात रेमंड एरिथ आणि त्यांच्यामागून क्विन्लन टेरी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही विटांच्या, कमानी-खांबांच्या जुन्या धाटणीच्या इमारती काढल्या. लंडनजवळ थेम्सकाठचा रिचमंड रिव्हरसाइड हा टेरींचा १९८० च्या दशकातला प्रकल्प. मागे आधुनिक कचेऱ्या आणि पुढे अठराव्या शतकाचा चेहरा, म्हणून समीक्षकांनी त्यावर तोंडसुख घेतलं. सामान्य लोकांना मात्र तो आवडला. १९८४ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी आर्किटेक्टांच्याच समारंभात आधुनिक वास्तुकलेला चार शब्द सुनावले, आणि वाद आणखी चिघळला. भारतात आलेल्या आणखी एका इंग्रजाने हा वाद वेगळ्याच पद्धतीने सोडवला. लॉरी बेकर, जन्म बर्मिंगहॅमचा, १९१७ चा. गांधीजींच्या भेटीत त्यांच्या मनावर ठसलं ते हे, की घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे. केरळात त्यांनी विटांच्या जाळ्या रचून स्वस्त घरं बांधली. बॅटलींनी जे कागदावर शिकवलं ते बेकरनी गवंड्याबरोबर उभं राहून केलं. फरक एवढाच की बेकरचं गिऱ्हाईक बॅरिस्टर नव्हतं.

हे सगळं मुळशीकरांना का सांगायचं? कारण बॅटलींचा प्रश्न आज मुंबईपेक्षा पौडच्या आसपास जास्त जिवंत आहे.

पौड हे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचं ठाणं. इथून पश्चिमेला ताम्हिणीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो, आणि घराचं रूप त्याप्रमाणे ठरतं. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी किंवा ऐनाची चौकट, उभ्या उताराचं छप्पर आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेली वळचण. वळचण आखूड ठेवली की पहिल्याच श्रावणात भिंतीची माती वाहून जाते. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, हे घरातल्या सगळ्यांचं काम. इकडून पूर्वेला सोलापूरकडे गेलं की छप्पर सपाट होतं, मातीचं जाड माळवद येतं, कारण तिथला शत्रू पाऊस नसून ऊन आहे. एकाच पुणे-सोलापूर पट्ट्यात परंपरेने दोन उलटी उत्तरं दिली. आणि कुणी कौलाला अस्सल देशी समजून भावुक होणार असेल, तर मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली काढला होता, हेही ध्यानात असावं. उपयोगी पडलं ते आपलंसं झालं.

याच तालुक्यात दासवे इथे लवासा उभं राहिलं, इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर. आराखडा अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीचा. तलावाकाठची पिवळी-केशरी घरं फोटोत छान येतात, पण ही परंपरा भूमध्य समुद्राच्या कोरड्या उन्हाळ्याची. सह्याद्रीच्या पावसाशी तिची ओळखच नाही. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याची कारणं अर्थात वास्तुकलेपलीकडची होती.

त्याच तालुक्यात, पौडजवळच्या खुबवलीच्या टेकडीवर, महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या कॉलेजची रचना क्रिस्तोफर बेनिंजर यांची. बेनिंजर जन्माने अमेरिकन, शिकले हार्वर्ड आणि एमआयटीत, अहमदाबादेत अध्यापन केलं आणि १९७६ पासून पुण्याचे झाले. २०२४ साली त्यांचं निधन झालं. खुबवलीत त्यांनी काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरं आणि मधे मधे चौक अशी गावासारखी मांडणी केली. कॉलेजच्या कमानीला नाव दिलं महाद्वार. रचनेला अमेरिकेतले पुरस्कार मिळाले. पण ती जुन्या वाड्याची नक्कल नाही, आणि तिथे काँक्रीटही मोकळेपणाने वापरलं आहे. बॅटलींना मुंबई सेंट्रलमध्ये जे साधलं नाही ते इथे साधलेलं दिसतं.

दासवे आणि खुबवली यांतलं अंतर फार नाही. दोन्हींचे आराखडे परदेशी जन्माच्या किंवा परदेशी माणसांनी केले, दोन्हीकडे आपापल्या परीने परंपरा आहे. एका ठिकाणी ती बाहेरून आणली, दुसऱ्या ठिकाणी पायाखालून काढली.

आता मुळशीतल्या जमिनींना भाव आला आहे. कौलारू घर पाडून स्लॅब टाकणं सोपं, आणि कुटुंब वाढलं की त्यात गैरही काही नाही. वासे कुजले, शाकारणीला माणूस मिळत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. बॅटलीही प्रत्येक वाडा वाचवा असं म्हणाले नसते. पण पाडण्याआधी मोजायला किती वेळ लागतो? पुण्यात आर्किटेक्चरची कॉलेजं बरीच आहेत, आणि मोजणीचे आराखडे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. तुमच्या घरी किंवा गावात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घर, देवळाचा सभामंडप किंवा पडका वाडा असेल आणि तो उतरवायचा ठरलाच असेल, तर आधी जवळच्या कॉलेजला कळवा. चार मुलं येतील, दोन दिवस टेप धरतील, नकाशा, दर्शनी बाजू आणि छेद काढतील. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या.